एकतीस वेळा सुरत

सुरत महाराजांनी दोनदा लुटली. मी एकतीस वेळा लुटली.

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत गेली, धुळे जिल्ह्यात, दोंडाईच्याच्या आसपास. मधली काही वर्षं सोडली तर चौथीचा वर्ग माझ्याकडेच असायचा आणि चौथीचं इतिहासाचं पुस्तक म्हणजे शिवछत्रपतींचं चरित्र. दिवाळीची सुट्टी संपली की अफझलखान, पन्हाळगड, लाल महाल असे मुक्काम करत आम्ही निघायचो आणि शेतात दादर निसवायला लागली की सुरतेला पोचायचो. हा पाठ माझा हातखंडा. फळ्यावर तापी काढायची, तिच्या काठावर किल्ल्याचा चौकोन आणि गावाबाहेर बुऱ्हाणपूर दरवाजा. महाराजांचा तळ त्या दरवाजाबाहेरच्या बागेत पडला होता. सुरतेचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला हे सांगताना मी स्वतः टेबलाखाली जाऊन बसायचो. पोरं हसून लोळायची. टाचणवहीत या पाठाचं उद्दिष्ट दर वर्षी एकच: ‘विद्यार्थ्यांमध्ये अभिमान जागृत करणे.’ एका तपासणीत शेरा मिळाला होता, ‘पाठ अत्यंत जिवंत.’ तो शेरा मी बायकोलाही वाचून दाखवला होता.

अभिमान जागा झाला, यात शंका नाही. माझी तक्रार त्या पाठाबद्दल नाही, पाठ देणाऱ्याबद्दल आहे.

आमच्या भागात सुरत हे इतिहासातलं गाव नव्हतंच कधी. ते पॅसेंजरने जायचं गाव होतं. भुसावळहून निघालेली गाडी अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत नवापूरला पोचते. त्या स्टेशनातून दोन राज्यांची हद्द जाते, फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत. तिथून पुढे सोनगड, व्यारा, उधना. 1972च्या दुष्काळानंतर आमच्या गल्लीतली घरं एकेक करून या गाडीत चढली. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली ही नावं आमच्या आयाबायांना धुळ्यातल्या पेठांपेक्षा जास्त पाठ. तिथे आजही पानाच्या टपरीवर अहिराणी ऐकू येते. तापीसुद्धा तीच. आमच्या तालुक्याच्या उत्तरेने वाहते आणि सुरतेपुढे डुमसजवळ समुद्राला मिळते. पाणी जातं तिकडेच माणसं गेली.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला नाना म्हणतो, 1975 साली गेला. सातवी शिकलेला. लूमच्या खात्यावर लागला. ‘खातं’ म्हणजे तिकडे कारखाना. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक रात्रीची. मजुरी मीटरवर. कापडात डाग निघाला की कापणी. चारही बाजूंनी धडधडणाऱ्या मागांमध्ये दिवस काढल्यामुळे त्याला चाळिशीतच कमी ऐकू यायला लागलं. म्हणून तो मोठ्याने बोलतो आणि लोकांना वाटतं हा रागावला.

मी डी.एड. केलं ते नानाच्या मनीऑर्डरींवर. दोन वर्षं, दर महिन्याला, उधन्याच्या पोस्टाचा शिक्का असलेली. फॉर्मवर संदेशासाठी जागा असायची. ती तो कोरीच सोडायचा. एकदाच त्याने लिहिलं होतं, ‘बूट घे.’ म्हणजे मी मास्तर झालो, खुर्चीवर बसलो, टेबलाखाली बसून इनायतखानाची नक्कल करू शकलो, ते सगळं सुरतेच्या कापडाच्या मीटरांवर. आणि त्याच खुर्चीवरून, मधल्या सुट्टीच्या चहाला, ‘गुजराती माणूस म्हणजे पैशाचा’ हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन याची मोजदाद नाही. दिवाळीला नाना घारी आणि नानखटाई आणायचा. सुरतकर कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चंदनी पडव्याला, किलोकिलोने घारी खातात. ‘सुरतनुं जमण ने काशीनुं मरण’ अशी त्यांचीच म्हण आहे. ती घारी खात खात मी म्हणायचो, ‘खादाड आहेत साले.’ डबा माझ्या मांडीवर असायचा.

आता त्या पाठाकडे येतो.

मला ठाऊक नव्हतं असं म्हणून सुटता आलं असतं तर बरं झालं असतं. पण 1986 साली तालुक्याच्या वाचनालयात मी जदुनाथ सरकारांचं शिवाजी महाराजांवरचं इंग्रजी पुस्तक शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं होतं. नोंदी काढल्या होत्या, त्या वह्या अजून आहेत. त्या वाचनातून मी वर्गात काय नेलं आणि काय नेलं नाही, याचा हिशेब मला आज स्पष्ट दिसतो.

शाहिस्तेखान तीन वर्षं पुण्यात तळ देऊन होता आणि मुलूख उजाड झाला होता, हे नेलं. सुरत हे मोगलांचं सर्वांत श्रीमंत बंदर, तिथल्या जकातीने दिल्लीची तिजोरी भरते, म्हणून घाव तिथे घालायचा, हे नेलं. इनायतखान पाचशे शिपायांचा पगार उचलायचा आणि प्रत्यक्षात ते शिपाई ठेवायचाच नाही, हेही रंगवून सांगितलं. अँब्रोज नावाच्या कॅपुचिन पाद्र्याच्या घराला महाराजांनी हात लावू दिला नाही आणि डचांच्या एका मयत दलालाचं घर तो दानधर्म करणारा होता म्हणून सोडलं, ही बर्निये या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलेली गोष्ट तर माझी लाडकी. ती सांगताना माझा आवाज भरून यायचा. यातलं काहीच खोटं नाही.

राहिलं ते असं. इनायतखानाने तहाच्या बोलणीच्या मिषाने एक तरुण वकील पाठवला आणि त्याने महाराजांवर खंजीर उपसून झेप घेतली. पहारेकऱ्याने त्याचा हात तोडला. छावणीत कत्तलीची आरोळी उठली. महाराजांनी कत्तल थांबवली, पण पकडून आणलेल्यांपैकी काहींची मुंडकी आणि दोन डझनांच्या आसपास लोकांचे हात तोडवले. अँथनी स्मिथ नावाचा इंग्रज त्या रांगेत होता. त्याची पाळी आली तेव्हा तो ओरडला, इंग्रज आहे हे कळलं आणि वाचला. हे त्यानेच परत जाऊन सांगितलं. बाकीचे हात कोणाचे होते ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. विणकराचे असतील, हमालाचे असतील. वीरजी व्होरासारख्या, इंग्रज कंपनीला कर्ज देणाऱ्या सावकाराचे नव्हते. त्याची हवेली खणून काढली गेली, तो स्वतः हाती लागला नाही. चार दिवस शहर जळत होतं. श्रीमंत किल्ल्यात शिरले होते, किल्लेदाराला पैसे चारून. गरीब नावांमध्ये बसून, बायकापोरं घेऊन तापीपार पळाले होते.

दहा वर्षांच्या पोरांना तोडलेले हात कशाला सांगायचे, असं कोणी विचारेल. मीही स्वतःला हेच विचारत आलो, बालमानसशास्त्राचा पेपर मला चांगला गेला होता. पण मग अफझलखानाचा कोथळा? तो मी दर वर्षी हातवारे करून, आवाजासकट बाहेर काढत असे. म्हणजे रक्ताची अडचण नव्हतीच. अडचण वेगळी होती. ते हात सांगितले असते तर पाठ जिवंत झाला नसता. वर्ग गप्प झाला असता आणि मला गप्प वर्ग नको होता. मला हसणारा, टाळ्या पिटणारा वर्ग हवा होता.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. महाराजांवरची माझी श्रद्धा या लिखाणाने कमी झालेली नाही. सतराव्या शतकातलं युद्ध सतराव्या शतकाच्या रीतीने लढलं गेलं आणि उजाड मुलखाची भरपाई शत्रूच्या पेठेतून करणं हा त्या काळाचा राजधर्म होता, असं मी आजही वाद घालून सांगेन. 2024 साली ‘लूट’ हा शब्द वापरावा की नाही यावरून आपल्याकडे मोठं वादळ उठलं. मला ते ऐकताना हसू येत होतं. शब्द बदलून काय होणार? महाराजांना त्याचा हिशेब द्यायला लाज वाटली नसती. लाज वाटावी असं जे आहे ते माझ्या बाजूला आहे.

1994चा सप्टेंबर. त्या वर्षी पावसात तापीचं पाणी शहरात शिरलं, ओसरल्यावर मेलेली जनावरं आणि गाळ तसाच राहिला आणि मग एके दिवशी बातमी फुटली, सुरतेत प्लेग. दोन-चार दिवसांत लाखो माणसं गाडीच्या टपावर बसूनसुद्धा पळाली. सबंध भारतात टेट्रासायक्लिनच्या गोळ्या मिळेनात. शेवटी मृत्यूंचा आकडा पन्नासच्या आसपासच राहिला, पण ते नंतर कळलं. नाना, वहिनी, नऊ वर्षांचा मुलगा आणि दोन मुली अशी पाच माणसं एका ट्रकमधून पहाटे गावाच्या फाट्यावर उतरली.

गावात बैठक बसली. तिथे सर्वांत शिकलेला मी. मीच म्हणालो, शास्त्र असं सांगतं की दहा दिवस त्यांना वेगळं ठेवावं. मळ्यातल्या खोलीत ठेवू. हे शास्त्राला धरूनच होतं, त्यामुळे कोणी मला नाव ठेवलं नाही. पण मला माहीत आहे की मी ते शास्त्रासाठी बोललो नाही. मी घाबरलो होतो. भाकरी मी बांधावर ठेवून मागे फिरायचो. शास्त्र म्हणून अंतर ठेवायचं तर बांधावर उभं राहून दोन शब्द बोलता आले असते. मी बोललो नाही. नानाने तिसऱ्या दिवशी लांबूनच ओरडून विचारलं, ‘आई जेवस का?’ त्याला ऐकू कमी येतं, माझं उत्तर त्याच्यापर्यंत गेलं नसणार. मी उत्तर दिलं होतं की नाही, हेही मला आता खात्रीने सांगता येत नाही. मीच बूट घे म्हणणाऱ्या माणसाला बांधापलीकडे बसवलं.

महिन्या-दोन महिन्यांत नाना परत गेला, माग थांबून चालत नाही. मुलाला मात्र ते वर्षभर आमच्याकडे ठेवून गेले. तो सुरत महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेला. घरात अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत गुजराती आणि तीही सुरती, ज्यात ‘स’चा ‘ह’ होतो. ‘सारू’ला तो ‘हारू’ म्हणायचा आणि सुरतेला ‘हुरत’. पोरं त्यावरून हसायची आणि मी त्यांना गप्प करत नव्हतो. घरी मी काका, शाळेत गुरुजी.

डिसेंबरात तो पाठ आला. मी टेबलाखाली बसलो, वर्ग लोळला. मी बाहेर आलो तेव्हा त्याचा हात वर होता.

‘गुरुजी, मग बाकीची माणसं कुठं गेली? किल्ल्यात मावली का सगळी?’

या प्रश्नाला उत्तर होतं. माझ्या वहीत होतं. ‘नावेत बसून तापीपार गेली’, एवढं चार शब्दांत सांगता आलं असतं. त्याऐवजी मी म्हणालो, ‘आले बघा इनायतखान! यांना सुरतेची फार काळजी!’

वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावल्या. तेव्हापासून तो वर्षभर इनायतखान. विटीदांडूत इनायतखान, नळावर इनायतखान, एकदा तर पोरांनी त्याला खरोखरच टेबलाखाली बसवून ठेवलं होतं. उन्हाळ्यात तो सुरतेला गेला आणि परत गावच्या शाळेत आला नाही.

अडीच महिन्यांपूर्वीच ज्या पोराने एक अख्खं शहर पळताना पाहिलं होतं, ट्रकमध्ये आईच्या मांडीखाली बसून आला होता, मळ्यात दहा दिवस काढले होते, त्याने विचारलं होतं की माणसं कुठे गेली. एकतीस वर्षांत हा प्रश्न मला एकाच विद्यार्थ्याने विचारला. इतिहासाच्या शिक्षकाला असा विद्यार्थी नोकरीत एकदा मिळतो. मी त्याला टोपणनाव दिलं.

आणि मला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही, हे लिहायला हवं. पश्चात्ताप वगैरे काही नाही. प्रश्न समजायला मला चौदा-पंधरा वर्षं लागली.

नंतर नंतर मी सुरतेबद्दल वाचायला लागलो, थोडा अपराधीपणाने, थोडा कुतूहलाने. दादोबा पांडुरंग तर्खडकर, मराठी व्याकरणाचे पाणिनी म्हणून आम्ही ट्रेनिंगला ज्यांचं नाव घोकलं, ते 1840च्या दशकात सुरतेत शिक्षक होते. तिथल्या दुर्गाराम मेहताजी या शाळामास्तरासोबत त्यांनी 1844 साली मानवधर्म सभा काढली. जातिभेदावर, भुताखेतांच्या मंत्रतंत्रावर ही मंडळी उघड वाद घालायची. मुंबईची परमहंस सभा त्यानंतरची, 1849ची. म्हणजे मराठी सुधारणेचं एक मूळ सुरतेच्या मातीत, एका गुजराती आणि एका मराठी मास्तराच्या दोस्तीत आहे. मी मास्तर असून हे मला पन्नाशीनंतर कळलं. 1907ची सुरत काँग्रेस ठाऊक होती, पण ती आपल्या बाजूच्या जोड्यापुरती. मंचावर भिरकावलेला जोडा मराठी घाटाचा होता, याचाच आनंद. नर्मद हा कवी सुरतेचा, त्याने आपल्या शहराची हकीकत लिहिली आहे. त्याच्या लहानपणी, 1837 साली, आगीत सुरतेची हजारो घरं जळाली आणि त्याच वर्षी तापीला पूर आला. महाराजांच्या दोन स्वाऱ्यांची 1664 आणि 1670 ही त्या शहराच्या लांबलचक यादीतली दोन वर्षं आहेत. आग, पूर, छापे, प्लेग, आणि दर वेळी लोक पळतात आणि परत येऊन दुकान उघडतात. प्लेगनंतर दोन-अडीच वर्षांत तर हेच शहर देशातल्या स्वच्छ शहरांत गणलं गेलं. आमच्या फाट्यावरची गटार तेव्हाही उघडी होती, आजही आहे.

सुरतकरांचं मी आता उगाच कौतुक करणार नाही. नानाच्या शेठने त्याला फंड दिला नाही, आजारपणाची रजा दिली नाही, डागांची कापणी शेवटपर्यंत केली. त्याच शेठने माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला उचल दिली आणि व्याज घेतलं नाही. दोन्ही एकाच माणसाने केलं. मी शाळेच्या चहाला यातली पहिलीच गोष्ट सांगायचो.

ऑगस्ट 2006मध्ये उकाईतून पाणी सोडलं आणि जवळजवळ सगळी सुरत बुडाली. नानाच्या खोलीत छातीएवढं पाणी. मी दादरचं एक पोतं पाठवलं आणि ते पाठवल्याचं महिनाभर सांगत फिरलो. त्या पोत्याची किंमत बुटांच्या एका जोडापेक्षा फारशी जास्त नव्हती.

निवृत्तीनंतर दोन-तीनदा जाऊन आलो. गेल्या हिवाळ्यात पुन्हा गेलो. नाना आता घरीच असतो, ऐकण्याचं यंत्र लावत नाही, म्हणतो खरखर होते. पुतण्या एम्ब्रॉयडरीच्या मशिनी चालवतो, भाड्याच्या जागेत, डिंडोलीत स्वतःचा फ्लॅट आहे. त्याची मुलगी चौथीत. इंग्रजी शाळा. मला म्हणाला, ‘काका, चला किल्ला दाखवतो, आता मस्त केलाय.’

आधी मुघलसराय पाहिली. 1644 साली प्रवाशांसाठी, हजला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी बांधलेली ही इमारत. महाराज आले तेव्हा ती वीस वर्षांची होती. आता तिथे महापालिका आहे. लोक हातात फायली घेऊन त्या कमानीखालून जात-येत होते. तिथून आम्ही चौक बाजारला गेलो. किल्ला तापीच्या अगदी काठावर, बुरुज ठेंगणे, मी फळ्यावर काढायचो त्यापेक्षा पुष्कळ लहान. सगळं शहर त्यात मावलं नसतं हे नुसतं पाहूनच कळत होतं.

मी रिक्षातच ठरवलं होतं की आज बोलायचं. वाक्यही तयार होतं. तिकिटाच्या खिडकीपाशी मी म्हणालो, ‘अरे, तू चौथीत असताना एकदा वर्गात...’

तो मुलीकडे वळला आणि हसून तिला म्हणाला, ‘हे बघ, हे माझं घर. तुझ्या आजोबांनी मला या किल्ल्याचा किल्लेदार केला होता.’

‘म्हणजे?’ ती म्हणाली.

‘आजोबांना विचार.’

ती माझ्याकडे बघत राहिली. मागच्या माणसाने रांग पुढे सरकवायला सांगितलं. मी खिशात हात घातला, तोवर पुतण्याने तिन्ही तिकिटांचे पैसे दिले होते.